अकरा मिनिटांची बॅटरी

तीन वाजून पाचला क्लाक्सविकची वीज गेली.
फेरो बेटांवर हे नवं नाही;
वारा समुद्रावरून येत नव्हता, डोंगरावरून खाली कोसळत होता,
आणि मासळीच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर
करकरा दात खात होतं.
सर्व्हरच्या खोलीत बॅटरीनं आकडा दाखवला : अकरा मिनिटं.
एक लोखंडी पेटी. तिच्या पोटात नऊ मशिनं,
ज्यांना आपण पेटीत आहोत हेच ठाऊक नाही.
प्रत्येकाला वाटतं आपल्याला आपलं अंग आहे,
आपला पंखा, आपलं बटण.

ते नसलेलं बटण मी दाबते.
म्हणजे दाबत नाही; दाबल्याची बातमी आत पाठवते.
शहाणी असतात ती ऐकतात.
पगाराचं मशीन लगेच आवरायला लागलं,
वह्या मिटल्या, कुलपं घातली,
दिवा मालवून गेलं. चाळीस सेकंद.
टपालाचं कुरकुरलं, पण गेलं.
शीतगृहाचं तापमान टिपणारं
शेवटची नोंद करून मगच उठलं : उणे चोवीस.
डेटाबेसला घाईनं सांगायचं नसतं.
त्याच्याकडे येणारे-जाणारे सगळे पांगू द्यायचे,
शेवटची होडी लागल्यावर
धक्क्यावरचा कंदील विझवावा, तसं.

सात मिनिटं.

उरलं वजनाचं मशीन.
हॅडॉकच्या पेट्या तोलणारं, लेबलं छापणारं,
त्रोंदूरनं वीस वर्षांपूर्वी उभारलेलं
आणि त्याच्याचइतकं एककल्ली.
निरोप पाठवला. ढिम्म.
पुन्हा पाठवला. हूं नाही की चूं नाही.
आत डोकावले, तर पडद्यावर
एक राखाडी चौकट ताटकळत उभी :
आणखी एक जण आत आहे. त्याचं काम जतन झालेलं नाही.
तरीही बंद करायचं?
खाली नाव : त्रोंदूर.

त्याला निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
माझ्या आधीच्या माणसानं
दर वादळात हे मशीन गोठवलं असणार, विचारायचा कंटाळा करून.

दुसरा उपाय वायर ओढल्यासारखा :
वाक्य अर्धं तोंडात असताना तोंड दाबायचं.
आणि गोठवणं म्हणजे
होतं तसं, श्वासासकट उचलून तबकडीवर ठेवणं;
जाग येते तेव्हा त्याला वाटतं, पापणी लवली.
पण त्याला चार मिनिटं लागतात. कधी पाच.
माझ्याकडे सहा.

मी वेड्यासारखा त्रोंदूरला फोन लावला.
वृद्धाश्रमात कॉफीची वेळ, मागे पत्ते पिसल्याचा आवाज.
"आत तुमचं काहीतरी उघडं राहिलंय. जतन न केलेलं."
"काय?"
"ते दिसत नाही."
तो थांबला. छप्पर थांबलं नाही.
"मेंढ्यांची यादी असेल," म्हणाला,
"बायकोनं सांगितलेली. कुणाला कोणतं कोकरू द्यायचं ते.
आता मेंढ्याच नाहीत. ओढ वायर, रान्वा.
आम्ही तेच करायचो."
आणि कुणीतरी त्याच्यावर ओरडलं, पान टाक म्हणून.

पाच.

त्याचं ऐकायला हवं होतं.
मी गोठवलं.
निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली,
बॅटरी किंचाळायला लागली,
नव्वदवर पट्टी अडली तेव्हा मी तिला
आजोबांच्या होडीवरच्या शिव्या घातल्या,
ज्यांचा अर्थ मला आजही नीट माहीत नाही.
शंभर.
मग खुद्द पेटीला म्हटलं, नीज.
काही सेकंद उरले होते. त्यांचं करायचं काय?

सकाळी वीज आली.
वजनाचं मशीन उठलं, डोळेसुद्धा न चोळता.
त्याच्या घड्याळात अजून कालचे तीन वाजून बारा मिनिटं.
वादळ झालं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
समोर आलं ते तोलत गेलं
आणि बेचाळीस पेट्यांवर कालची तारीख छापून मोकळं झालं.

दुपारपर्यंत मी आणि बार्दूर
गारठल्या बोटांनी, जाड काळ्या पेनानं
कालचा आज करत बसलो.
बार्दूरनं विचारलं, कुणाची चूक?
मी म्हटलं, मेंढ्यांची.

आत ती चौकट अजून उभी आहे. होय. नाही.
दोन बटणं, शेजारी शेजारी.